धाकट्याला घेऊन ॲनिमे कॉनला: नाशिककरांसाठी पहिल्या वेळची तयारी

"ताई, आई म्हणते तू येत असशील तरच जायचं." आठवीतल्या भावाच्या या एका वाक्यामुळे मी पहिल्यांदा ॲनिमे कॉनला, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, गेले. तेव्हा मला डोरेमॉन आणि नारुतो सोडून फारसं काही ठाऊक नव्हतं. आता आमच्या तीन कॉन झाल्यात, दोन नाशिकच्या आणि एक पुण्याची. दर वेळी ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं: मुलीला न्यायचंय, तिथे नेमकं असतं काय, बरोबर काय घ्यायचं, सुरक्षित असतं का? म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. आपल्यासारख्या शहरातल्या कॉनमध्ये बघायच्या वस्तू थोड्या आणि बोलायला माणसं भरपूर असतात. वर्गात ज्याच्या आवडीची कुणाला गंधवार्ता नाही, अशा पोराला इथे आपल्यासारखीच शे-दीडशे माणसं एका छपराखाली भेटतात. मोठ्या भावंडाने व्यवस्था चोख ठेवायची आणि मग दोन पावलं मागे राहून त्याला बोलू द्यायचं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आत काय असतं

एखाद्या हॉटेलचा बँक्वेट हॉल, लॉन्स किंवा कॉलेजचं सभागृह. दहा-पंधरा टेबलं लावलेली. त्यांवर कीचेन, स्टिकर, पोस्टर, मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची पुस्तकं, पात्रांच्या छोट्या मूर्ती, म्हणजे फिगर. एका बाजूला स्थानिक चित्रकारांची दोन-चार टेबलं. कोपऱ्यात गेमिंगचे स्क्रीन, तिथे सतत रांग. समोर स्टेज, त्यावर प्रश्नमंजुषा, गाणी, नाच आणि दिवसाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे कॉस्प्ले स्पर्धा. कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून येणं. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' जोडून हा शब्द जपानमध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८० च्या दशकात रूढ केला.

पहिल्यांदा आत शिरल्यावर "एवढंच?" असं वाटू शकतं. दोन तासांत सगळा हॉल चार वेळा फिरून होतो. पण चाहत्यांनी स्वतः काढलेल्या चित्रकथांचा टोकियोचा जगप्रसिद्ध कॉमिकेट मेळावा २१ डिसेंबर १९७५ ला सुरू झाला, तेव्हा तिथेही ३२ गट आणि जेमतेम ७०० माणसं होती. आज तिथे लाखांनी लोक जातात. सुरुवात सगळीकडे अशीच होते, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या मोकळ्या खुर्च्या बघून धाकट्यासमोर नाक मुरडू नका. त्याच्यासाठी तो हॉल मोठाच असतो.

तिकीट काढण्याआधी

अशा कार्यक्रमांची खबर बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवर लागते, नाहीतर कॉलेज रोडच्या एखाद्या कॅफेतल्या पोस्टरवर. तिकीट काढण्याआधी आयोजकांना मेसेज करून एवढ्या गोष्टी विचारून घ्या: हॉल पक्का झालाय का, किती वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस लागतं, एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन परत जाता येतं का, वेश बदलायला खोली आहे का, तलवारीसारख्या वस्तूंबद्दल नियम काय, आणि कार्यक्रम पुढे ढकलला तर पैसे परत मिळतात का. उत्तरं कशी येतात त्यावरून आयोजन कसं आहे ते कळतं. सरळ, नेमकी उत्तरं देणारी पोरं सहसा कार्यक्रमही नीट करतात.

परत आत जाता येतं का, हा प्रश्न अजिबात विसरू नका. हॉलमध्ये खाण्याचा एकच स्टॉल असतो आणि दुपारी दोनला तिथलं संपलेलं असतं. बाहेर जाऊन वडापाव खाऊन येता आलं, तर दिवस निभावतो.

आमच्या एका कॉनची तारीख दोन दिवस आधी बदलली आणि ते फक्त इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर सांगितलं गेलं. स्टोरी २४ तासांत पुसली जाते. आम्ही बघितली नाही. वेश करून, रिक्षा करून दारात पोचलो तर हॉलला कुलूप आणि आत लग्नाच्या खुर्च्या. भाऊ परत येईस्तोवर एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून मी आदल्या दिवशी संध्याकाळी आणि निघायच्या आधी एक तास, असं दोनदा तपासते. शक्य असेल तर आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये राहा, तिथे बदल लगेच कळतात. आणि तिकिटाचे पैसे कुणाच्या खासगी नंबरवर पाठवायचे असतील, तर आधीच्या कार्यक्रमाचे फोटो आणि तिथे गेलेल्या दोघा-तिघांशी बोलणं, एवढं झाल्याशिवाय पाठवू नका.

घरी विचारताना

लपूनछपून जाऊ नका. धाकट्याला तर असं मुळीच नेऊ नका. एकदा खोटं बोलून गेलात की पुढच्या वर्षीचं दार बंद.

आमच्या आईचा पहिला प्रश्न होता, "कार्टून बघायला तिकीट कशाला?" त्यावर वाद घालून उपयोग नाही, दाखवावं लागतं. मी तिला युगो साको आणि राम मोहन यांनी जपानी आणि भारतीय चित्रकारांना एकत्र आणून केलेल्या रामायणाच्या ॲनिमे चित्रपटाबद्दल सांगितलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ ला भारतात पुन्हा चित्रपटगृहांत लागला होता. पंचवटीत वाढलेल्या माझ्या आईने तो आमच्याबरोबर बसून बघितला आणि वनवासाची चित्रं बघून म्हणाली, "हाताने काढलंय हे सगळं?" तिथून आमचं बोलणं सुरू झालं. बाबांना वेगळी गोष्ट पटली. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर नाशिकला राहायला आले आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या एकेक करून हलवत, दर हालचालीचं चित्र टिपत छोटा पट केला. निर्जीव वस्तूला चालवायचं हे वेड या गावाला नवं नाही, असं मी म्हणाले आणि बाबा हसले.

पण परवानगी मिळते ती तपशिलांमुळे. कुठे, किती ते किती, कुणाचा नंबर, परत कसे येणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात कॉन येत असेल, तर अभ्यासाचं वेळापत्रक धाकट्यालाच करायला लावा आणि ते पाळलं जातंय हे बघा.

आणखी एक. ॲनिमे म्हणजे सगळं लहान मुलांचंच, असा एक समज असतो आणि सगळं वाईटच, असा दुसरा. दोन्ही चूक आहेत. ज्या ठिकाणी मालिका दिसते तिथे वयाचा शेरा असतो, तो बघा. आमच्या घरी नियम असा की नवी मालिका सुरू करताना पहिले दोन भाग मी त्याच्याबरोबर बघते. तो हिंदी डब लावतो, मला मूळ जपानी आवाज आणि खाली अक्षरं आवडतात, मग एक भाग त्याचा, एक माझा.

वेश: पहिल्यांदा सोपा करा, पण एक गोष्ट स्वतः करा

वेश केलाच पाहिजे असं नाही. निम्मे लोक साध्या टी-शर्टमध्ये येतात. पण धाकट्याला करायचा असेल तर मोडता घालू नका, आणि शक्य असेल तर तुम्हीही करा. एकट्याने वेश करून रिक्षातून उतरायला धीर लागतो, दोघं असलात की तोच गमतीचा भाग होतो.

सगळ्यात सोपा म्हणजे 'वन पीस' मालिकेतला लुफी: गवती टोपीला लाल पट्टी, लाल बिनबाह्यांचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची निळी पँट, डाव्या डोळ्याखाली आयब्रो पेन्सिलने व्रण. घरात निम्मं सामान असतं. शाळेच्या गणवेशातली पात्रंही भरपूर आहेत, पांढरा शर्ट आणि काळी पँट एवढ्यावर भागतं.

आम्ही केला तो तांजिरो आणि नेझुकोचा. कोयोहारु गोतोगे यांच्या 'डेमन स्लेयर' या मांगातली ही भावंडं. ही मांगा २०१६ ते २०२० अशी साप्ताहिकात आली आणि तिचे २३ खंड झाले. बहीण राक्षस होते आणि उन्हात येऊ शकत नाही, म्हणून भाऊ तिला पाठीवरच्या लाकडी पेटीतून घेऊन फिरतो. भावाने हीच जोडी निवडली आणि मला म्हणाला, "फक्त मी तुला उचलू शकणार नाही, ते सोडून सगळं करू."

तांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा, म्हणजे हाओरी. तयार मिळतो, पण ऑनलाइन येणारं कापड चकचकीत आणि गरम असतं, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यात पोर शिजून निघतं. आम्ही कापडपेठेतून सुती पॉपलिन घेतलं, फिकट हिरवं, अडीच मीटर. घरी आणून आधी धुतलं, कारण न धुतलेल्या कापडावरची खळ रंग धरू देत नाही. वाळल्यावर इस्त्री करून फरशीवर पसरलं, आठ-आठ सेंटीमीटरच्या चौकटी पेन्सिलने आखल्या आणि एकाआड एक चौकटीच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावली. काळा फॅब्रिक रंग पातळ न करता, जवळजवळ कोरड्या ब्रशने, कडेकडून आत असा भरायचा. रंग ओला असेल तर चिकटपट्टीखाली झिरपतो आणि चौकटीला मिश्या फुटतात. आमच्या पहिल्या ओळीत तसं झालं, ती ओळ आम्ही शिवताना आत दुमडली. रंग चोवीस तास वाळू द्यायचा आणि मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे तो पक्का होतो. दोन रविवार गेले. शिवणकाम गल्लीतल्या टेलरकाकांनी केलं, त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे पुढून उघडा डगला ना? मग असं सांगायचं."

कानातलं जाड कार्डशीटवर रंगवून वर पारदर्शक टेप लावली. कान टोचलेले नसतील तर बारीक काळ्या दोऱ्याचा फास करून कानामागून अडकवा, दुरून दिसत नाही. कपाळाच्या डाव्या बाजूला व्रण, पोटऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या. पट्ट्या घोट्याकडून वर गुंडाळा आणि शेवट सेफ्टी पिनने आतून टाचा, नाहीतर तासाभरात सुटून पायात येतात.

नेझुकोच्या तोंडात बांबूचा तुकडा असतो. खरा बांबू हवा होता म्हणून आम्ही बुरुडाकडे गेलो. टोपल्या विणणाऱ्या मावशींनी वीतभर तुकडा कापून दिला आणि कडा कोयत्याने गोल करून दिल्या, वर पॉलिश पेपर घरी मारला. पण तोंडात धरून बोलता येत नाही, पाणी पिता येत नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना लाल रिबीन ओवून तो गळ्यात घाला आणि फोटोपुरता वर घ्या.

किमोनो घालणार असाल तर एवढं नक्की पाळा: तुमच्या डाव्या हाताकडची बाजू वर आली पाहिजे, उजवी खाली. उजवी बाजू वर ठेवून किमोनो जपानमध्ये मृत माणसाला घालतात. आपल्याकडे कुणी लक्ष देणार नाही असं वाटेल, पण कॉनमधली पोरं पहिलं हेच बघतात आणि हळूच येऊन सांगतात. दुसऱ्याच्या संस्कृतीतलं काही अंगावर घालायचं तर एवढा अभ्यास करावा, असं मला मनापासून वाटतं.

तलवार लाकडाची किंवा पत्र्याची करू नका, दारात काढून ठेवायला लावतात. लहान मुलांच्या खोलीत कोड्यासारखी जुळणारी जी फोमची चटई टाकतात, त्याच फोमची करा. दोन पट्ट्या कापून मधे पातळ पीव्हीसी पाइप घाला. चिकटवायला रबरी डिंक, म्हणजे फेविबॉण्डसारखा, दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबायचं. ओला असताना दाबला तर धरत नाही. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि मोठ्यांनीच करायचं, वास डोक्यात जातो. रंगाआधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन हात द्या, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो.

आणि तलवार रस्त्याने उघडी नेऊ नका. फोमची आहे हे तुम्हाला ठाऊक, सिटीलिंकच्या बसमधल्या आजोबांना किंवा सीबीएसच्या चौकातल्या हवालदारांना कसं कळणार? जुन्या चादरीत गुंडाळून न्या, आत गेल्यावर सोडा. उत्सवाच्या बंदोबस्ताच्या दिवसांत तर हे पाळाच.

विग घेतलात तर त्याच्या आत जाळीची टोपी घाला. विंचरताना रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर जायचं, मुळापासून खाली ओढलंत तर गुंता घट्ट होतो. आणि विग घातलेलं पोर दर तासाला पाणी पितंय ना, हे बघा. डोकं तापून चक्कर येणारी दोन मुलं मी बघितलीत.

पिशवीत काय

दोन लिटर पाणी. सेफ्टी पिना, सुईदोरा, दुहेरी चिकटपट्टी, झटपट चिकटणारा डिंक. लहान कात्री मात्र घरीच ठेवा, दारात काढून घेतात. पॉवर बँक. घरचं कोरडं खाणं, आम्ही चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू नेतो. सुट्टे पैसे, कारण तळघरातल्या हॉलमध्ये रेंज नसते आणि क्यूआर कोड नुसता गोल गोल फिरत राहतो. पोस्टर घेणार असाल तर जुन्या कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी. एक जादा टी-शर्ट आणि डिओडरंट. दाटीच्या हॉलमध्ये दिवसभर सिंथेटिक कापडात वावरायचं असतं, त्यामुळे सकाळी आंघोळ करून निघणं आणि दुपारी टी-शर्ट बदलणं हे शेजारच्यासाठी करायचं काम आहे. तेरा-चौदाच्या मुलाला हे घरीच, चारचौघांत नाही, समजावून सांगा.

सकाळी मिसळ खाऊन निघायचं असेल तर वेश घालण्याआधी खा. रश्श्याचा तवंग फिक्या कापडावरून निघत नाही.

पैसे

भांडण झालंच तर इथे होतं, म्हणून आकडा घरीच ठरवा. आमचा ठरलेला आकडा पाचशे. दोनशे त्याच्या खिशात, तीनशे माझ्याकडे त्याच्या नावाचे. पहिल्या फेरीत काहीच घ्यायचं नाही, फक्त बघायचं आणि भाव लक्षात ठेवायचा. दुसऱ्या फेरीत यादी करायची, तिसऱ्या फेरीत खरेदी. तीच कीचेन तीन टेबलांवर तीन भावांना असते.

फिगर घेताना जपून. मूळ कंपनीच्या फिगरचा डबा नीट छापलेला असतो, कंपनीचं नाव आणि हक्कांची ओळ स्पष्ट दिसते. नकली मूर्तीचे डोळे थोडे तिरके छापलेले, जोडावर शिवण दिसते, डबा उघडला की उग्र प्लॅस्टिकचा वास. नकली घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण नकलीला अस्सलचा भाव देऊ नका. विक्रेत्याला सरळ विचारलं तर बरेचजण खरं सांगतात.

मांगा घेतली तर धाकट्याला सांगून ठेवा की ती उजवीकडून डावीकडे वाचायची. आमच्या घरी बाबांनी शेवटच्या पानापासून सुरुवात केली आणि गोष्ट कळत नाही म्हणून ठेवून दिली होती.

माझं आग्रहाचं सांगणं एवढंच: निम्मे पैसे स्थानिक चित्रकारांच्या टेबलावर खर्च करा. तिथे भद्रकालीच्या भाजीबाजारासारखी घासाघीस करू नका. पन्नास रुपयांच्या स्टिकरमागे त्या मुलीची रात्र गेलेली असते.

आत पोचल्यावर

दारात मनगटाला कागदी पट्टी बांधतात. ती ओली झाली की तुटते, म्हणून बांधल्याबांधल्या फोटो काढून ठेवा. त्यानंतर, काहीही बघण्याआधी, चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवा. "स्टेजजवळ" असं मोघम नको. "स्टेजच्या डाव्या बाजूचा दुसरा खांब, जिथे अग्निशामकाचा लाल डबा आहे" असं. धाकट्याच्या खिशात तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा, त्याच्या फोनची बॅटरी चारला संपणार हे गृहीत धरा. दर तासाला एकदा त्या खांबापाशी भेटायचं ठरवलं तर त्याला मोकळं सोडता येतं आणि तुमच्या जिवाला घोर लागत नाही.

आवाज खूप असतो. काही मुलं पहिल्या पंधरा मिनिटांत बावरतात, कोपरा धरून बसतात. लगेच "आलोय ना एवढे पैसे भरून" असं म्हणू नका. बाहेर जिन्यावर पाच मिनिटं बसा, पाणी प्या, परत जा.

आता वागण्याबद्दल, कारण याची पाटी कुठेच नीट लावलेली नसते.

फोटो हवा असेल तर विचारायचं: "फोटो काढू का?" समोरचा जेवत असेल, वेश नीट करत असेल, तर थांबायचं. विग, तलवार, पंख, कशालाही न विचारता हात लावायचा नाही. खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा असेल तर तेही विचारून. लहान मुलांचे फोटो त्यांच्याबरोबरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, आणि तुमच्या धाकट्याचा फोटो कुणी काढला तर तुम्हीही विचारा की कुठे टाकणार. "नको" म्हणायला त्याला घरीच शिकवून ठेवा. मी भावाला आरशासमोर उभं करून चार वेळा म्हणायला लावलं होतं: "सॉरी दादा, आत्ता नको."

कुणाच्या रंगावरून, अंगावरून बोलायचं नाही. "हे पात्र तर गोरं आहे", "तुला जरा घट्ट होतंय" असली वाक्यं मी ऐकलीत आणि ज्या मुलीला म्हटलं ती उरलेला दिवस विग काढून बसली होती. मुलींना "खरंच बघतेस का, मग सांग पाहू" अशी तोंडी परीक्षा घ्यायची नाही. आणि ज्याने अजून मालिका पूर्ण बघितली नाही त्याला कोण मरतं ते सांगायचं नाही. "कुठपर्यंत बघितलंस?" हा प्रश्न आधी विचारायचा. ओळख करून घ्यायलाही तोच सगळ्यात चांगला.

टेबलांवर काही पोस्टर मोठ्यांसाठीची असतात. धाकट्याचा हात धरून ओढण्यापेक्षा आधी तुम्ही एक चक्कर मारून कुठे काय आहे ते बघून या.

भावाने घरून स्वतःची चित्रकलेची वही आणली होती. मला ते ठाऊक नव्हतं. दुपारी खांबापाशी आला नाही म्हणून शोधत गेले, तर तो एका चित्रकार मुलीच्या टेबलाशेजारी उभा होता आणि ती त्याची वही पानापानाने उलटत होती. वीस-बाविशीची असेल. प्रत्येक पानावर थांबत होती. एका पानावर तिने पेन्सिल घेतली आणि त्याने काढलेल्या हाताच्या शेजारी, कोपऱ्यात, मूठ कशी काढायची ते दाखवलं: आधी एक चौकोनी डबा, मग त्यावर बोटांच्या चार पट्ट्या, अंगठा सगळ्यात शेवटी. "तू अंगठा आधी काढतोस म्हणून बाकीच्या बोटांना जागा उरत नाही," ती म्हणाली. भावाने तिच्या समोर पुन्हा काढली. मागे गिऱ्हाईक उभं होतं, तिने त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. मी पुढे गेले नाही, खांबापाशी परत जाऊन उभी राहिले.

म्हणून सांगते, चित्र काढणाऱ्या पोराला वही न्यायची आठवण करा. लिहिणाऱ्याला त्याची गोष्ट न्यायला सांगा. मोठ्या शहरातल्या गर्दीत कुणाला एवढा वेळ नसतो, आपल्याकडे अजून आहे.

स्पर्धेत उतरायचं असेल तर

नाव सकाळीच द्या, दुपारी यादी बंद होते. गाणं लागत असेल तर पेन ड्राइव्हवर आणि फोनवर, दोन्हीकडे ठेवा. स्टेजवर मिनिट-दीड मिनिट मिळतं. चालत मधे यायचं, एक पवित्रा घेऊन पाच सेकंद हलायचं नाही, कारण फोटो तेव्हाच निघतात, मग दुसरा पवित्रा. परीक्षक बहुतेक वेळा विचारतात की यातलं स्वतः काय केलं. तिथे खरं सांगायचं. भावाने "चौकटी मी रंगवल्या, शिवलं टेलरकाकांनी" असं सांगितलं आणि टाळ्या पडल्या. बक्षीस विकत घेतलेल्या चिलखताला गेलं. त्याला वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्या वेळी "जाऊ दे रे" म्हणून विषय झटकू नका, गप्प शेजारी बसा. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "पुढच्या वेळी पेटी करूया का पाठीवरची?"

निघताना आणि नंतर

कार्यक्रम संपायच्या अर्धा तास आधी निघा. शेवटी सगळे एकदम बाहेर पडतात आणि गंगापूर रोडला रिक्षा मिळेनाशा होतात. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची बस सकाळीच बघून ठेवा. निघण्याआधी ज्यांच्याशी ओळख झाली त्यांना नीट निरोप द्यायला धाकट्याला वेळ द्या. नंबरांची देवाणघेवाण करायची असेल तर पहिल्यांदा तुमच्या फोनवरून होऊ दे. घरच्यांना निघाल्याचा फोन करा.

दुसऱ्या दिवशी काढलेले फोटो ज्यांचे त्यांना पाठवा, कबूल केलेलं असतं ते. हाओरी थंड पाण्यात, उलटा करून, बाकी कपड्यांपासून वेगळा धुवा. विग गार पाण्यात थोडा शांपू घालून बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत पसरा. फोमच्या तलवारीवर वजन ठेवू नका, कपाटावर आडवी ठेवा.

आमची तिथेच आहे. कपाटाच्या आत भावाने ते वहीचं पान चिकटवलंय, एका कोपऱ्यात त्या मुलीची मूठ आणि खाली ओळीने त्याच्या अकरा. शेवटच्या तीन मुठींत अंगठा बरोबर बसलाय. पेटीसाठी प्लायवूड लागेल की पुठ्ठा चालेल, यावर सध्या आमचं रोज रात्री बोलणं होतं.